ओव्हरक्लॉकिंगची रॅम घेताना आपला मे महिना हिशेबात धरा

परभणीहून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "दादा, माझ्याकडे रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड आणि ८ जीबीची २६६६ची एकच स्टिक आहे. ओव्हरक्लॉक करायचंय, पण हातात पैसे फार नाहीत. मावसभाऊ संभाजीनगरला नवीन एएम५ मशीन बांधतोय, तो ७२००ची रॅम घ्यायची म्हणतो. आणि ओळखीच्या स्टुडिओवाल्या काकांना लग्नाच्या व्हिडिओसाठी ६४ जीबी करायचीय, ते १६च्या चार स्टिक लावायच्या म्हणतात. तिघांनी नेमकी कोणती रॅम घ्यावी?"

आधी दोन शब्द: ओव्हरक्लॉकिंग म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या स्पीडपेक्षा पुढे पळवणं. २६६६, ३६००, ७२०० हे स्पीडचे आकडे, आणि सीएल हा उशिराचा आकडा, जितका कमी तितका बरा. तुझ्या बोर्डाला डीडीआर४ रॅम लागते, भावाच्या एएम५ला (एएमडीच्या नव्या रायझनचं सॉकेट) पुढच्या पिढीची डीडीआर५. तिघांची उत्तरं आधी देतो, कारणं मागून. तू दुसरी स्टिक घे किंवा जमलं तर ८-८ जीबीची ३६००ची जोडी घे. भावाने ७२०० विसरावी आणि १६-१६ जीबीची ६००० सीएल३० घ्यावी. काकांनी चार स्टिक अजिबात लावू नयेत. त्यांनी ३२-३२ जीबीच्या दोन घ्याव्यात, एक्स्पो प्रोफाइल (स्टिकमध्येच साठवलेलं तयार वेगवान सेटिंग) चालू करावं आणि त्यापुढे बायोसमध्ये काहीही हलवू नये.

रुपयांत आकडे मुद्दामच लिहीत नाही. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले, की आज लिहिलेला भाव पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो. म्हणून बजेट म्हणजे अमुक हजार असं न धरता, जवळ काय आहे आणि त्यात किती भर घालता येते, असं धरून बोलू. महागाईत आहे त्याच स्टिकमधून जास्त काम काढणं हा ओव्हरक्लॉकिंगचा सगळ्यात खरा उपयोग आहे.

आता खोक्यावरचा आकडा. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि "३२००ची द्या" म्हणतं. पण ३२०० दोन जातींची मिळते. एक ३२०० सीएल१६, जी एक्सएमपी (एक्स्पोसारखंच तयार सेटिंग, इंटेलचं) चालू केल्यावर १.३५ व्होल्टवर चालते. दुसरी ३२०० सीएल२२, जी जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या साध्या प्रमाणाप्रमाणे १.२ व्होल्टवर चालते आणि तिच्यात बहुतेक वेळा एक्सएमपी नसतंच. आकडा सारखा, माल वेगळा. कोणती किती चपळ हे काढायचं गणित सोपं आहे: सीएलला २००० ने गुण आणि स्पीडने भाग, म्हणजे उशीर नॅनोसेकंदात मिळतो. ३२०० सीएल१६ला १० नॅनोसेकंद, ३२०० सीएल२२ला १३.७५. ३६०० सीएल१८ पुन्हा १०, तर ३६०० सीएल१६ ८.९च्या आसपास. डीडीआर५मध्ये ६००० सीएल३० म्हणजे १०, ६००० सीएल४० म्हणजे १३.३. काउंटरवर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढं करून बघितलं तरी निम्मी फसवणूक टळते.

पण सीएल हा फक्त पहिला आकडा. त्याच्या मागचे दोन आकडे आत कोणती चिप बसलीय याची चुगली करतात, आणि ओव्हरक्लॉकिंगमध्ये सगळा खेळ त्या चिपेचा आहे. वरचं पत्र्याचं कव्हर आणि लाइटा कोणीही लावतं. खरी चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डीडीआर४मध्ये ३२०० १४-१४-१४ किंवा ३६०० १६-१६-१६ असं लिहिलेलं दिसलं, की ती सॅमसंगची बी-डाय (त्या चिपेची जात) समजायची. व्होल्टेज वाढवत गेलं तसे तिचे टायमिंग, म्हणजे हे उशिराचे आकडे, खाली येतात, असा माल पुन्हा झाला नाही. सॅमसंगने ती बंद करायचं २०१९मध्येच ठरवलं, त्यामुळे आता मिळाली तर जुन्या बाजारातच. ३६०० १६-१९-१९ किंवा १८-२२-२२ असे मागचे आकडे सैल असतील, तर बहुधा हायनिक्स किंवा मायक्रॉन. त्यातली मायक्रॉनची ई-डाय ही गरिबाची लाडकी. तिचं सीएल व्होल्टेजला मान देतं, पण टीआरसीडी नावाचा दुसरा आकडा काही केल्या खाली येत नाही. तिथे तासनतास घालवू नकोस.

डीडीआर५मध्ये चित्र अजून सोपं आहे. हायनिक्सची एम-डाय किंवा ए-डाय मिळाली पाहिजे. ६००० सीएल३० लिहिलेल्या जोड्यांमध्ये बहुतेक वेळा हायनिक्सच निघते, कारण त्या स्पीडला ३० सीएल बाकीच्यांना सहज झेपत नाही. भावासाठी सीएल३० वर अडून बसायचं ते याचसाठी. ६००० सीएल४० थोडी स्वस्त मिळेल, पण आत काय निघेल याचा भरवसा नाही. नुसतं मशीन चालवायचं असेल तर ती वाईट नाही, ओव्हरक्लॉकसाठी मात्र ती घेऊ नये.

मग ७२०० का नको? एएम५वर मेमरीचा घोडा आणि सीपीयूतला मेमरी कंट्रोलर एकाच गतीने चालले तर फायदा होतो. ६०००ला मेमरीचं खरं घड्याळ खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मं, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ आणि कंट्रोलरही ३०००. साधारण ६४००च्या पुढे बहुतेक सीपीयूंचा कंट्रोलर ती गती धरू शकत नाही, बोर्ड त्याला निम्म्यावर आणतं. ७२००ला मेमरी ३६००वर आणि कंट्रोलर १८००वर. एका जुवाला एक तरणा आणि एक थकलेला बैल जुंपल्यावर जे होतं तेच इथे होतं. खोक्यावर आकडा मोठा आणि गेममध्ये फायदा नाही, उलट उशीर वाढतो. ८०००च्या आसपास हे नुकसान भरून निघू शकतं, पण त्याला दोनच स्लॉटचं महागडं बोर्ड आणि नशिबाने मिळालेला सीपीयू लागतो. मधल्या बजेटचा तो रस्ता नाही. आणि भाऊ ७८००एक्स३डीसारखा सीपीयू घेणार असेल तर त्याला सांग, की त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्यामुळे रॅमच्या स्पीडने त्याला फारसा फरक पडत नाही. तिथे वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

आता तुझं. तुझ्या मशीनला आज सगळ्यात मोठा तोटा २६६६चा नाही, एकट्या स्टिकचा आहे. २६६६ची एक स्टिक सेकंदाला कमाल २१ जीबीच्या आसपास डेटा देते. दोन चॅनलवर ३६००ची जोडी ५७ जीबीच्या वर जाते. कितीही टायमिंग पिळलेस तरी एका स्टिकमधून ही दरी भरणार नाही. तुझा ५६०० ग्राफिक्सविना आहे म्हणून बरं. आतच ग्राफिक्स असलेला, रॅमवर जगणारा ५६००जी असता तर एका स्टिकवर गेम खेळणं म्हणजे निव्वळ हाल.

पैसे थोडेच असतील तर असं कर. सध्याच्या स्टिकवरचं स्टिकर वाच, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये (स्टिकने स्वतःबद्दल साठवलेली माहिती) बघ आणि शक्यतो त्याच कंपनीची, त्याच पार्ट नंबरची दुसरी ८ जीबी शोध. बोर्डावर चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून मोजून दुसरा आणि चौथा, त्यात दोन्ही बसव. मग बायोसमध्ये डीरॅम व्होल्टेज १.३५ कर, स्पीड ३०००, टायमिंग १८-२०-२०-४०, आणि चालू करून बघ. १.३५ला घाबरू नकोस, एक्सएमपीच्या लाखो स्टिक त्याच व्होल्टेजवर चालतात. ३००० टिकली तर ३२०० लाव. २६६६च्या साध्या स्टिक बऱ्याचदा एवढं देतात. नाही दिलं तर बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन मूळ सेटिंगवर येतं. तेही नाही झालं तर बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर जोड. मशीनची लाइट आधी बंद, हे मात्र विसरू नकोस.

थोडे जास्त जमले तर ८-८ची ३६०० सीएल१८ जोडी घे आणि जुनी स्टिक विकून टाक. ३६०० अशासाठी, की तुझ्या सीपीयूतला इन्फिनिटी फॅब्रिक (सीपीयूचे भाग आणि मेमरी जोडणारी वाट) १८०० मेगाहर्ट्झवर आरामात चालतो आणि ३६००च्या मेमरीबरोबर त्याची गाठ एकास-एक बसते. ४०००ची घेऊन उपयोग नाही, फॅब्रिक २०००वर चालणारे ५६०० क्वचित मिळतात. आणि १६-१६ परवडत असेल तर स्पीडआधी जीबी वाढव. रॅम कमी पडून विंडोज डिस्कवर लिहायला लागलं, की सीएल १४ असो की २२, सगळं सारखंच रडतं.

इंटेलवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हा प्रश्न दुकानात रोज येतो. एच६१० बोर्डावर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, तिथे ३६००ची रॅम घेऊन पैसे घालवू नका. बी६६० आणि बी७६०वर होते. पण १२४००एफसारख्या, नावामागे के नसलेल्या बाराव्या-तेराव्या पिढीच्या सीपीयूंवर एसए व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज) कुलूप असतं. त्यामुळे डीडीआर४ गिअर १मध्ये (मेमरी आणि कंट्रोलर एकाच गतीने) ३२००-३४००च्या पुढे रेटताना बऱ्याचदा अडते. त्यांनी ३२०० सीएल१६ घ्यावी आणि शांत बसावं.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लांबलचक लिहितोय, ती. इंटरनेटवर जे ओव्हरक्लॉक दिसतात ते बहुतेक थंड खोलीतले, उघड्या टेबलावर मांडलेल्या मशीनवरचे असतात. आपल्याकडे नांदेड-परभणीला मे महिन्यात पारा ४२-४४वर जातो आणि निम्मी पोरं पत्र्याच्या खोलीत बसून खेळतात. रॅमच्या चिपेत प्रत्येक बिट म्हणजे एक बारीक चार्ज असतो. तो सतत गळतो, म्हणून मेमरी तो ठरावीक वेळाने पुन्हा भरत राहते. चिप जितकी तापते तितका चार्ज लवकर गळतो. ओव्हरक्लॉकमध्ये टीआरएफसी आवळतो तेव्हा भरायला दिलेला वेळ कापतो, टीआरईएफआय वाढवतो तेव्हा दोन भरण्यांमधलं अंतर लांबवतो. डिसेंबरात हे खपून जातं, वैशाखात नाही.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडमधल्या एका गेमिंग कॅफेतलं मशीन आलं होतं. बी-डायची चांगली जोडी, कोणीतरी व्हिडिओ बघून ३६००वर १.५ व्होल्ट देऊन टीआरएफसी २५२वर आणलेला. थंडीभर कुरकूर नाही. एप्रिल लागला तसा दुपारी गेम मध्येच बंद पडायचा, संध्याकाळी पुन्हा ठीक. त्यांनी ड्रायव्हर बदलला, विंडोज नवीन टाकलं, एसएमपीएसवरही संशय घेऊन झाला. दुकानात एसीमध्ये रात्रभर टेस्ट लावली, एकही एरर नाही. मग मशीन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, कॅबिनेटचं झाकण लावलं, गेम आणि मेमरी टेस्ट एकदम चालू केली. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर येत होती. स्टिकचं तापमान ५४वर गेलं आणि एरर यायला लागल्या. टीआरएफसी २८८वर सैल केला, व्होल्टेज १.४२वर आणलं, समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा वाढवला. त्याच शेडमध्ये, त्याच दुपारी टेस्ट साफ निघाली. १८०० मेगाहर्ट्झला २५२ म्हणजे १४० नॅनोसेकंद आणि २८८ म्हणजे १६०. तेवढ्या वीस नॅनोसेकंदांसाठी कॅफेवाल्याची दुपारची गिऱ्हाइकं जात होती, आणि गेममध्ये तो फरक कोणाला कळलाही नसता.

म्हणून टेस्ट कशी करायची ते नीट ऐक. आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेव, कारण चुकीची मेमरी नुसती मशीन बंद पाडत नाही, ती विंडोजच्या आणि तुझ्या फायलींमध्ये गुपचूप घाण करते. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ पूर्ण होऊ दे. ती साफ गेली तर विंडोजमध्ये टेस्टमेम५ काही तास. आणि शेवटची टेस्ट भर दुपारी, झाकण लावून, कूलर किंवा एसी बंद ठेवून, शेजारी गेम चालू ठेवून. डीडीआर५च्या स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर असतोच, एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. डीडीआर४मध्ये काहींतच असतो. आवळलेल्या टायमिंगवर स्टिक ५०च्या आत राहिली तर निर्धास्त. थंडीत सेट करत असशील तर टीआरएफसी जिथे टिकतो तिथून दहा-पंधरा टक्के सैल सोड आणि मे महिन्यात पुन्हा टेस्ट लाव. एरर एक आली तरी ती एररच. "एकच आली, चालतंय की" असं म्हणू नकोस.

भावाला डीडीआर५बद्दल आणखी काही सांगायचंय. डीडीआर५मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डावरून स्टिकवर आलीय, त्यामुळे स्टिक स्वतःच जास्त तापते. वर हवा लागेल असं कॅबिनेट घे म्हणावं, काचेच्या बंद डब्यावर भाळू नये. रॅमवर उंच लाइटवालं कव्हर असेल तर टॉवर कूलर बसतो का तेही आधी मोजावं. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड मेमरीला ओळखून घेत असतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात. घाबरून बटण दाबू नये. डीडीआर५च्या चिपेत स्वतःची चूक दुरुस्ती असते हे खरं, पण ती चिपेच्या आतल्यापुरती. स्टिकपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही, त्यामुळे त्या भरवशावर टेस्ट टाळू नये.

आणि बायोस नवीन हवं. २०२३मध्ये एएम५वर काही सीपीयू जळाले, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) १.३ची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर एक्स्पो लावलं तर बोर्ड त्यापेक्षा जास्त देऊ शकतं. ६०००साठी एवढं लागतही नाही, बहुतेक सीपीयू १.२५च्या आतच भागवतात. बायोस अपडेट मात्र यूपीएसवरच. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड मुकं होतं. फ्लॅशबॅकचं (बिघडलेलं बायोस पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकणारं) बटण असलेलं बोर्ड घेतलं तर तेवढा जीव वाचतो.

काकांकडे येतो, त्यांचं मशीनही एएम५चंच धरून. एएम५वर दोन स्टिकला रायझन ७०००चा अधिकृत स्पीड ५२००, चार लावल्या की तो ३६००वर येतो. चार स्टिकवर ६००० चालवणारे लोक आहेत, पण ते त्यासाठी रात्री घालवतात. काकांचा धंदा लग्नसराईतला, एप्रिल-मेच्या उन्हातला, आणि नवरीच्या पाठवणीचा शॉट दुसऱ्यांदा घेता येत नाही. त्यांना ३२-३२च्या दोन, ५६०० किंवा ६०००ची एक्स्पोवाली जोडी, बोर्डाच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने तपासलेल्या रॅमची यादी) नाव बघून. टायमिंग कोणी "फुकटात फास्ट करून देतो" म्हणालं तर करू देऊ नये. एडिटिंगला जीबी महत्त्वाचे, चार-पाच नॅनोसेकंदांनी रेंडरच्या वेळेत सांगण्यासारखा फरक पडणार नाही. ६४ परवडत नसेल तर २४-२४ची ४८ जीबी जोडीही मिळते, तीही चांगली हायनिक्सचीच निघते बऱ्याचदा.

जुना माल घ्यायचा विचार असेल तर, डीडीआर४साठी सध्या तो विचार शहाणपणाचा आहे. आपल्याकडून नांदेड-लातूरची मंडळी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. तिथे गेलास तर कॉर्सेअरच्या स्टिकवर बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा शोध. पहिला अंक ३ असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. एकाच मॉडेलच्या नावाखाली तिन्ही मिळतात, म्हणून दोन्ही स्टिकवर व्हर्जन सारखं आहे का ते बघ. दुकानदाराला म्हणावं, मशीनला लावून सीपीयू-झेड दाखवा. कव्हर भारी आणि एसपीडीमध्ये एक्सएमपीची ओळच नाही, असं दिसलं तर ती ठेवून ये. आणि जोडी जोडी म्हणूनच घे. जोडीतली एकच सुटी स्टिक घेतली तर पुढे वॉरंटीत अडचण येते, कारण जोडीतली एक खराब झाली तर बऱ्याच कंपन्या दोन्ही मागतात. बिल जपून ठेव.

तुझ्या बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव आणि सध्याच्या स्टिकवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो पाठव. बी४५०च्या काही स्वस्त बोर्डांवर दोनच स्लॉट असतात. तसं असेल तर दुसरी स्टिक घ्यायची की थेट १६-१६ची जोडी, हे ते बघूनच सांगता येईल.